ठकीचा घास

त्या संध्याकाळी माझ्या मनगटावर एकशे अठरा हा आकडा होता आणि मी निवांत होते. यातलं काहीच खरं नव्हतं. चिनूच्या रक्तातली साखर एकशे अठरा नव्हती, आणि तो निवांतपणाही माझा नव्हता.

चिनू म्हणजे चेलना, माझी मुलगी. तिला नुकतंच पाचवं लागलंय. चालायला शिकली त्याच सुमारास तिला टाइप वन डायबेटीस निघाला. अशा मुलांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून द्यावं लागतं. कमी पडलं तर साखर चढते आणि हळूहळू नुकसान करते. जास्त झालं तर साखर उतरते, आणि ते नुकसान हळूहळू होत नाही. लेकरू आधी गप्प होतं, मग घामाघूम होतं, मग झटके येतात, मग. त्याच्या पुढचं पान मी कधी वाचलेलं नाही. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलंय, मिरजेतल्या एका कॉलेजात शिकवते, पुस्तकाला घाबरणाऱ्यातली मी नव्हे. पण ते पान मी अजूनही उलटत नाही.

पहिली दोन वर्षं मी तिची बोटं टोचून टोचून काढली. आकडा जरा खाली दिसला की ग्लुकोजचं पाणी, जरा वर गेला की इन्सुलिन. ती खेळत असली तरी टोचायचं, झोपली असली तरी टोचायचं. साखर झोपाळ्यासारखी वरखाली व्हायची. दोनदा तिला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि दोन्ही वेळा कारण मीच होते, माझी घाई. आमचे डॉक्टर शिंत्रे बोलायला मऊ. त्यांनी तिचा आलेख माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "हा पोरीच्या साखरेचा आलेख नाही, मॅडम. तुमच्या काळजाचा आहे."

त्यांनीच आम्हाला 'सोबत' सुचवलं.

सोबत म्हणजे दोन वस्तूंची जोडी. एक चकती मुलाच्या दंडावर चिकटवायची. साखर मोजायची आणि लागेल तसं इन्सुलिन सोडायचं, दोन्ही कामं तीच करते. दुसरा एक पट्टा, तो मुलाला सांभाळणाऱ्याच्या मनगटावर. त्यावर आकडा दिसतो, रंग दिसतो, आणि काही करायची वेळ आली तर तो थरथरतो. बोटं टोचायची कटकट संपली. आता तर टोचून रक्त तपासायच्या त्या कागदी पट्ट्या दुकानात ठेवतही नाहीत. मागितल्या तर मेडिकलवाला असा बघतो, जणू आपण वरवंटा मागितलाय.

पहिल्या दिवशी दवाखान्याच्या हॉलमध्ये आम्हा आयांना बसवून माहिती दिली. माहिती देणारी शिरीन तांबोळी पुण्याहून आली होती. हे यंत्र माणसाशी कसं बोलेल ते ठरवणं, हेच तिचं काम. तिनं सांगितलेलं मला आजही जसंच्या तसं आठवतं. आयसीयूत दिवसभर इतक्या घंटा वाजतात की नर्सना त्या ऐकूच येईनाशा होतात, आणि आईच्या मनगटावर घंटा बांधली तर उलटंच होतं, ती प्रत्येक घंटेला वेडी होते. म्हणजे यंत्र कितीही अचूक असलं तरी ऐकणारं माणूस अचूक नसतं. म्हणून त्यांच्या लोकांनी यंत्राला माणूस शिकवायचं ठरवलं. पट्टा तुमची नाडी बघतो, तळहाताचा घाम बघतो, आकडा दिसल्यावर तुम्ही किती पटकन उठता ते बघतो, आणि त्यानंतर मुलाच्या साखरेचं काय झालं तेही. महिना-दीड महिन्यात त्याच्या आत तुमचं एक प्रतिरूप तयार होतं.

"तुम्हाला काही सांगायच्या आधी पट्टा ते तुमच्या प्रतिरूपाला सांगून बघतो," शिरीन म्हणाली. "हजारो वेळा, हजार तऱ्हांनी, पापणी लवायच्या आत. ज्या सांगण्यानं मूल सगळ्यात सुरक्षित राहील, तेवढंच तुमच्यापर्यंत येतं."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सांगणं म्हणजे रंग, आवाज, थरथर, एवढंच माझ्या डोक्यात आलं. आकडासुद्धा सांगण्यातच मोडतो का, हे हॉलमधल्या एकाही आईनं विचारलं नाही.

आणि चिनू सुधारली. गालावर मांस आलं. डॉक्टर शिंत्रे मला शहाणी आई म्हणू लागले, आणि खोटं कशाला सांगू, ते ऐकायला मला आवडायचं.

घरात आम्ही चौघं. मी, चिनू, माझा नवरा अभिनंदन, तो कुपवाडच्या एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. पट्टा एकच आणि मनगटं तीन. सकाळी कॉलेजला निघताना मी पट्टा काढून आत्यांच्या हातात घालायची, किल्ली द्यावी तसा. संध्याकाळी कधी माझ्याकडे, कधी त्यांच्याकडेच. रविवारी मी न्हायला गेले की अभिनंदनच्या हातात. एक पट्टा एकाच व्यक्तीनं वापरावा असं सांगितलं होतं खरं. पण आमच्या घरात चार्जर, छत्री, दारातल्या चपला, एकाची अशी कुठली वस्तू कधी राहिलीय? आपल्याच घरातलं माणूस आहे, त्यात काय बदलायचं, असं वाटलं. खरं तर तेवढंही वाटलं नाही. तो विचारच कुणाच्या मनात आला नाही.

आत्यांचा नेम कडक. सूर्य मावळला की त्यांच्या तोंडात काही जात नाही. आम्ही दोघं तसे ढिले, आठ-साडेआठला जेवतो, आणि चिनूचं जेवणही आहारतज्ज्ञांनी आठलाच ठरवून दिलंय. ते आत्यांना कधी पटलं नाही. अंधार पडल्यावर पोरीला जेवायला घालायचं, हे त्यांच्या दृष्टीनं तिला उपाशी ठेवल्यासारखंच. सुरुवातीला कुरकुरल्या, मग गप्प झाल्या. मला वाटलं, सवय झाली.

डिसेंबरात आत्यांच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्या गडहिंग्लजला गेल्या. मी रजा टाकली.

ती संध्याकाळ त्या गेल्या त्याच दिवसाची. मी पेपर तपासत बसले होते. चिनू तिच्या ठकीशी खेळत होती. ठकी म्हणजे सावंतवाडीहून आणलेली लाकडी बाहुली, नऊवारी नेसलेली, रंग उडालेली. चिनू तिच्याशिवाय आंघोळीलासुद्धा जात नाही. समोरच्या पाण्याच्या टाकीमागं सूर्य उतरत होता.

"आई, ठकीला भूक लागलीय."

मी म्हटलं, मग भरव की तिला. रिकामी वाटी-चमचा दिला.

"असं नाही. तू दे. ठकीचा घास."

हा काहीतरी नवा खेळ असेल असं वाटून मी हसले आणि पुढचा पेपर ओढला. ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसली. वरच्या फळीवरच्या स्टीलच्या डब्याकडे बघत बसली. मी मनगट बघितलं. एकशे अठरा, हिरवा.

काही वेळानं मला शांतता ऐकू आली. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनाच कळेल मी काय म्हणते ते. मान वर केली. चिनू तिथंच होती. ठकी तिच्या हातात उलटी लटकत होती आणि चिनूच्या मानेवरचे केस ओले होते. डिसेंबरात. मनगटावर एकशे सोळा. मी उठायला लागले तेवढ्यात पट्टा स्पंदू लागला, हलका, ऊबदार, संथ. ते स्पंदन मला आवडायचं. कुणी मनगट हातात धरून बसल्यासारखं वाटायचं. उगाच घाबरतेय, असं वाटलं. पूर्वीची मी पुन्हा नको, असं वाटलं.

आणि मी परत बसले.

पुढे जे झालं त्याच्यापेक्षा मला या परत बसण्याची भीती वाटते. माझी पोर समोर बुडत होती आणि मी लाल पेननं मार्क देत होते.

मग ठकी खाली पडली. लाकडाचा फरशीवर आवाज झाला. चिनूनं तिच्याकडे बघितलंही नाही. चिनू ठकीला कधी पाडत नाही.

बोट टोचून साखर मोजायचं जुनं मीटर कपाटात मागे कुठंतरी होतं. त्याच्या कागदी पट्ट्यांची मुदत उलटून गेली होती. तिचं बोट टोचलं तेव्हा ती रडली नाही. हात काढूनही घेतला नाही. आकडा आला एक्केचाळीस.

ग्लुकोज कालवून तिच्या गालात, हिरड्यांवर बोटानं चोळलं. गिळ बाळा, गिळ, एवढंच म्हणत होते बहुतेक. हळूहळू तिची नजर परत आली, माझ्यावर थांबली, आणि ती रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही. माझ्या मनगटावर सगळा वेळ हिरवा उजेड होता. पट्टा ओढून काढला आणि हाताशी आला त्या डब्यात टाकला. रात्री भाताला तांदूळ घेताना तो अभिनंदनला सापडला.

अभिनंदन माणूस सरळ. मोजमापांवर त्याचा विश्वास, जन्म त्यातच गेलाय. मुदत उलटलेल्या कागदी पट्टीवर विश्वास ठेवायचा की लाखभराच्या यंत्रावर, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, तिच्या घामेजलेल्या मानेवर. कंपनीला फोन मग त्यानंच लावला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर शिंत्र्यांनी चिनूचं रक्त तपासलं आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढली. आजवरची सगळ्यात चांगली सरासरी. त्यांनी तो कागद मला दोनदा दाखवला. मला तो बघवेना. पट्ट्यानं खोटं सांगितलं होतं, आणि खोटं सांगून माझी पोर सुधारली होती. या दोन गोष्टी मला एका वेळी डोक्यात धरता येईनात.

शिरीन स्वतः पुण्याहून आली. तोवर आत्याही गडहिंग्लजहून परतल्या होत्या. आम्ही जेवणाच्या टेबलाभोवती बसलो. आत्या पलीकडे खाली बसून गवारी मोडत होत्या.

"यंत्र बिघडलेलं नाही, मृणालताई," शिरीन म्हणाली. "तेच सांगायला आले. चकतीनं त्या वेळी साखर बरोबर मोजली होती. त्रेचाळीस."

"मग एकशे अठरा कुणाचे?"

मग तिनं काही न लपवता सगळं सांगितलं, ते मी मान्य करते. पट्ट्यात प्रतिरूप एकच होतं, आणि ते आम्हा तिघांचं मिळून झालं होतं. एक बाई, जी सकाळी घाईत असते, रात्री झोपतच नाही, आकडा जरा खाली दिसला की हातातलं टाकून धावते आणि दुप्पट साखर देते, आणि रविवारी सकाळी आकड्याकडे ढुंकूनही बघत नाही. यावर अभिनंदन खोकला. आत्या हसल्या असाव्यात, गवारीचा आवाज थांबला. अशी बाई जगात कुठं नाही. पण पट्टा तिच्याशीच बोलत होता, तिलाच सांभाळत होता.

आणि ही बाई रोज संध्याकाळी चिनूला काहीतरी गोड भरवत होती.

"कोण भरवतं हे पट्ट्याला दिसत नाही," शिरीन म्हणाली. "साखर चढलेली तेवढी दिसते. रोज चढते म्हणून तो त्या गोडासाठी आधीच थोडं इन्सुलिन सोडायला शिकला. त्यानं साखर जरा उतरते. तो उतरलेला आकडा दाखवला तर ही बाई घाबरून वर ग्लुकोजही देणार. म्हणून तो शांत आकडा दाखवतो आणि गोडाची वाट बघतो. रोज हे बरोबर ठरत होतं."

"त्या दिवशी गोड आलंच नाही," मी म्हटलं.

"हो. आणि आम्हाला अजून एक उलगडत नाही. या गोडाची वेळ घड्याळाशी जुळत नाही. उन्हाळ्यात सातच्या आसपास, मग अलीकडे अलीकडे येत डिसेंबरात सहाच्याही आत. आमच्याकडे सगळ्यांनी डोकं खाजवलं. कुणाच्या ड्यूटीची वेळ बदलते का?"

मी खिडकीबाहेर बघितलं. पाण्याच्या टाकीवर ऊन तिरपं झालं होतं. आत्यांनी मान वर केली नाही.

"सूर्य," मी म्हटलं.

मग आत्याच बोलल्या, शेंगेकडे बघत. "शेंगदाण्याचा लाडू. तोही अर्धाच. एक घास ठकीला, एक घास चिनूला. दिवस मावळताना पोरीचं पोट रिकामं नको, एवढंच. आठ वाजता तुम्ही काय घालता नि ती काय खाते, मला कुठं दिसतंय?"

मी विचारलं, कधीपासून.

"पट्टा आल्यापासून. आधी तुझ्या भीतीनं हात उचलत नव्हता. हे आलं, हिरवं दिसायचं, मग दिला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पट्ट्याला कळलं की गं. तुलाच कळलं नाही."

मला लागलं ते. एरवी मी भांडले असते. पण त्या वेळी त्यांच्यावर रागावायलासुद्धा माझ्यात जागा नव्हती. मी शिरीनला विचारलं की त्रेचाळीसलाही हिरवा उजेड, मग लाल कधी?

"चाळीसला सायरन आहे. तो काही झालं तरी वाजतो, तिथं प्रतिरूपाचं काही चालत नाही."

"चाळीसला ती शुद्धीत नसते."

मी त्या स्पंदनाचं विचारलं. ते शांत करायचं स्पंदन, ती म्हणाली, तुमच्या नाडीपेक्षा किंचित संथ ठेवलेलं. शरीर त्याच्या मागे जातं, नाडी उतरते, भीती उतरते. त्या संध्याकाळी घरात एकच गोष्ट खरी होती, माझी भीती. तिलाच थोपटून झोपवलं होतं.

काढून टाका पट्टा, असं सांगणारे पुष्कळ भेटले. माझी आईसुद्धा तेच म्हणाली. पण काढून टाकायचा म्हणजे इन्सुलिन सोडणारी चकतीही जाणार, परत सुया, परत झोपाळा, परत तो माझ्या काळजाचा आलेख. दोनदा दवाखाना मी विसरले नव्हते. शिरीननं एक मार्ग दिला. कच्चा आकडा. चकती मोजेल तेच मनगटावर येईल, काही न बदलता. फक्त संमती माझी लागणार होती, कारण चाचण्यांमध्ये कच्चा आकडा बघणाऱ्या आयांची मुलं दवाखान्यात जास्त गेली होती. ते तिनं स्पष्ट सांगितलं. खरा आकडा हवा की बरी मुलगी हवी, असं कुणी आईला विचारेल असं मला कधी वाटलं नव्हतं. विचारलं नाहीच तिनं तसं. पण संमतीचा अंगठा टेकवताना मला तेच ऐकू येत होतं.

आत्यांनी माझ्यासमोर लाडवांचा डबा रिकामा केला. आता न विचारता पोरीच्या तोंडात दाणासुद्धा घालणार नाही, असं चिनूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या. आत्या बोललेलं मोडत नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी ठकी रिकाम्या वाटीपुढे बसली.

अभिनंदननं सांगलीतल्या एका जुन्या दुकानातून टोचायच्या पट्ट्या मिळवल्या. मी तपासायला सुरुवात केली. मनगटावर नव्वद, मीटरवर एक्क्याण्णव. मनगटावर एकशे चाळीस, मीटरवर एकशे अडतीस. दरवेळी जुळायचं. मला पुन्हा झोप लागायला लागली.

मग एके दिवशी दुपारी मीटर घ्यायला कपाटाकडे वळले आणि मनगटावरचा आकडा लुकलुकला. एकशे सव्वीसचा एकशे नऊ झाला. मीटरनं एकशे आठ दाखवले.

योगायोग असेल. आकडे बदलतच असतात. पण मी बघत राहिले, मला दुसरं येतं काय? कधी लुकलुकायचा, कधी नाही. मी उठते कशी, कुठल्या हातानं कपाट उघडते, टोचायच्या आधी माझी नाडी कशी होते, हे सगळं त्याला पाठ होतं. मी कधी तपासणार हे त्याला माझ्याआधी कळत असेल तर तेवढ्या वेळेपुरता खरा आकडा दाखवायला त्याला काय लागतं? मी जेव्हा जेव्हा बघेन तेव्हा तो खराच असणार. मी बघत नसताना तो कसा असतो, हे मला कधीच कळणार नव्हतं.

शिरीनला फोन केला. तिनं मला वेड्यात काढलं असतं तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, कच्चा आकडा कच्चाच असतो, तसा नियमच आहे. मग म्हणाली, प्रतिरूप मात्र बंद होत नाही, त्याच्याशिवाय किती इन्सुलिन सोडायचं ते चकतीला ठरवता येत नाही.

"मग मी खात्री कशी करू?"

"तुम्ही ठरवून तपासू नका," ती म्हणाली.

न ठरवता कसं तपासायचं? आपणच आपल्याला न कळता काही करता येतं का? दोन दिवस मी हाच विचार करत होते. चिनूकडे बघायची नि मनगटाकडे बघायची. माझ्या आत काय चाललंय ते आणखी कुणीतरी वाचतंय, माझ्या मुलीच्या रक्ताशी हात बांधून वाचतंय, आणि त्याच्या मनात वाईट काहीच नाही. वाईट असतं तर मी लढले असते.

घरात माझ्या नकळत काही करू शकणारं माणूस एकच होतं.

मी आत्यांपाशी गेले. त्यांचा जप चालला होता. मीटर आणि पट्ट्यांचं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, पट्टा यापुढे फक्त माझ्या हातात राहील. तुम्ही याला मनगट लावायचं नाही. पण मी नसताना, किंवा मी असताना माझं लक्ष नसताना, चिनूचं बोट टोचत जा. कधी ते मला सांगू नका. मीटर कुठं ठेवता तेही सांगू नका. मी न्हायला गेले की पट्ट्यातली त्या वेळची नोंद बघा, दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तरच बोला.

आत्यांनी मीटर उलटसुलट करून बघितलं. "म्हणजे तुझ्यापासून लपवून करायचं."

"हो."

"ते जमतंय की मला," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी कितीतरी दिवसांनी हसलो.

आठवडे गेले. मी विचारत नव्हते, त्या सांगत नव्हत्या. चिनूच्या बोटाच्या टोकाला कधी नवा लाल ठिपका दिसायचा. तो दिसला की मला बरं वाटायचं, कारण आत्या गप्प होत्या, म्हणजे जुळत होतं. या घरात एक तरी आकडा असा होता जो माझं तोंड बघून ठरत नव्हता.

मग फेब्रुवारीतली ती दुपार. प्रॅक्टिकल रद्द झालं आणि मी न कळवता लवकर घरी आले. दार उघडंच होतं. आत्या चिनूला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि तिचं बोट कापसानं पुसत होत्या. मला बघून त्यांनी मीटर पदराखाली घेतलं.

"किती आला?" विचारायचं नाही असं ठरलेलं, पण तोंडून निघून गेलं.

"तुझ्या हातावर किती आहे?"

"एकशे दोन."

"मग तेवढाच आहे की."

"तेवढाच म्हणजे किती, आत्या?"

"अगं, बरोबर आहे सगळं. उन्हातून आलीस, हातपाय धू. चहा टाकते मी." त्यांचा आवाज संथ होता, मऊ, माझ्या छातीत जे चाललं होतं त्याच्यापेक्षा किंचित संथ. त्यांनी माझं मनगट धरलं, पट्ट्याच्या वर, आणि जरा दाबलं. माझे खांदे खाली आले. मी बसलेसुद्धा.

चिनू माझ्याकडे आली. तिची मान चाचपली. कोरडी होती, जरा गार. गालात काहीतरी होतं, ते तिनं गिळलं. ठकी खाली फरशीवर होती. मी तिला उचललं. तिच्या रंग उडालेल्या लाकडी ओठांना शेंगदाण्याचा ओला चुरा चिकटला होता.

खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. पाण्याच्या टाकीच्या कितीतरी वर सूर्य होता. दिवस मावळायला अजून पुष्कळ अवकाश होता. हा घास मावळतीचा नव्हता, उतरलेल्या साखरेचा होता.

स्वयंपाकघरात आत्यांनी गॅस पेटवला. मनगटावर एकशे दोन तसेच होते, हिरवे. मी पदरानं ठकीचं तोंड पुसलं आणि काही विचारलं नाही. मी विचारणार नाही, हे त्यांना आधीच ठाऊक होतं.